उतरलेले वजन

आत्याचे वजन गेल्या दोन वर्षांत बरेच उतरले होते आणि घरात सगळ्यांना त्याचे कौतुक होते. गौरी-गणपतीला आलेला प्रत्येक पाहुणा "काय बारीक झालात हो!" असे म्हणत होता, ब्लाउजांच्या शिवणी आत घेऊन झाल्या होत्या, जिना चढताना लागणारी धापही कमी झाली होती. विसरण्याची तक्रार वाढली म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जुन्या केसपेपरवरचे वजन आणि त्या दिवशीचे वजन ताडून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. "वजन उतरतंय, छान. तोंडावर असाच ताबा ठेवा," असे सांगून ते स्मृतीच्या प्रश्नांकडे वळले. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात-सात वजा करत जा. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे म्हणून घेतलेली आत्या शहाऐंशीपाशी थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. परतताना रिक्षात तिला ती वजाबाकी आठवत नव्हती. आठवत होती ती शाबासकी. "डॉक्टर म्हणाले ना, माझा ताबा आहे म्हणून," असे ती घर येईपर्यंत सांगत राहिली.

ती शाबासकी मला अजून पचलेली नाही.

लठ्ठपणा, मेंदूतला दाह (रोगप्रतिकारक पेशी चेतल्याने होणारे इन्फ्लेमेशन) आणि उतारवयात होणारी चेतापेशींची झीज यांचे एकमेकांशी काय नाते आहे, हा माझ्या कामाचा विषय आहे. त्यामुळे वजन हा शब्द मी घरात ऐकते तेव्हा तो मला प्रयोगशाळेतल्या नोंदवहीसकट ऐकू येतो. आत्या दुसऱ्या बाळंतपणानंतर जी सुटली ती कायमची. सासूबाईंपासून ते शेजारच्या काकूंपर्यंत आणि रक्तदाब तपासायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरापर्यंत सगळ्यांनी तिला एकच गोष्ट वेगवेगळ्या सुरांत ऐकवली होती: खाण्यावर तुमचा निग्रह नाही. तिने सोमवार धरले, संकष्ट्या धरल्या, रात्रीचा भात सोडला, पुन्हा सुरू केला, आणि प्रत्येक वेळी वजन परत आले तेव्हा तो आपल्या स्वभावाचा दोष आहे असे मानून गप्प बसली. वजन वाढले तेव्हा दोष तिच्या मनाचा होता, वजन उतरले तेव्हा श्रेयही तिच्या मनालाच मिळाले. माझ्या मते या दोन्ही निवाड्यांत तिच्यावर अन्याय झाला आहे. तो अन्याय केवळ सहानुभूतीच्या पातळीवर नाही, शास्त्राच्या पातळीवरही आहे.

आमच्या कामात उंदरांना जो चरबीयुक्त आहार देतात, त्याच्या कांड्या निळ्या रंगाच्या असतात. नेहमीच्या खाद्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो रंग घातलेला असतो. त्यातली साठ टक्के ऊर्जा चरबीतून येते आणि ती चरबी मुख्यतः डुकराची असते. खाद्य खवट होऊ नये म्हणून ते थंड ठेवावे लागते, आणि बाहेर काढून बोटांत धरले की हातमोज्यावर तेलकट निळा डाग उरतो. काही आठवड्यांत उंदरांच्या केसांवरही तीच चिकट झाक येते. पिंजरा उघडला की वास बदललेला जाणवतो. पुढे मेंदूचे अतिशय पातळ काप घेतले जातात. ते द्रवात तरंगत असतात आणि बारीक रंगाच्या कुंचल्याने एकेक काप उचलून काचेवर पसरावा लागतो. श्वास जरा जोरात सोडला तरी काप दुमडतो. मग रंग दिलेल्या कापावर सूक्ष्मदर्शकाची भिंगे फिरवत मेंदूच्या तळाशी, मधोमध असलेल्या हायपोथॅलॅमसपाशी यायचे आणि तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी पाहायच्या. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखल्या. मेंदूतल्या रोगप्रतिकाराचे काम त्या करतात. निरोगी मेंदूत त्यांचा मध्य लहान असतो आणि कोळ्याच्या पायांसारख्या बारीक फांद्या चारी बाजूंना पसरलेल्या असतात. त्या फांद्यांनी त्या आसपासचा परिसर सतत चाचपत असतात. निळ्या कांड्या खाल्लेल्या उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये त्याच पेशी संख्येने अधिक दिसतात, त्यांची अंगे फुगलेली असतात आणि फांद्या आखडून जाड झालेल्या असतात. पहिल्यांदा हे पाहणाऱ्यालाही समजावून सांगावे लागत नाही, इतका हा फरक ढळढळीत आहे.

हायपोथॅलॅमस ही भूक आणि तृप्ती यांचा हिशेब ठेवणारी जागा. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक इथे येऊन शरीरात साठा किती आहे ते कळवते, इन्सुलिनही इथे आपला निरोप पोहोचवते. ब्राझीलमधल्या कॅम्पिनास विद्यापीठात लिसिओ वेलोसो यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले की चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये दाहाच्या प्रक्रिया सुरू होतात आणि तिथे इन्सुलिनचा निरोप नीट पोहोचेनासा होतो. त्यानंतर सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोशुआ थेलर, मायकेल श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्याने मला या विषयात कायमचे ओढले. आहार बदलल्यापासून एक ते तीन दिवसांत हा दाह दिसू लागतो, म्हणजे उंदराचे वजन लक्षात येण्याइतके वाढण्याच्याही आधी. शरीराच्या इतर भागांत असा दाह दिसायला बरेच आठवडे लागतात. आणखी एक गोष्ट त्यात होती, ती फारशी कोणी सांगत नाही, पण मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या आठवड्यातला हा दाह पुढे काही काळ ओसरतो, जणू मेंदू स्वतःला सावरून घेतो. आणि आहार तसाच चालू राहिला की तो परत येतो आणि मग मुक्काम करतो. त्याच अभ्यासात लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही हायपोथॅलॅमसच्या त्याच भागात तशाच इजेच्या खुणा आढळल्या होत्या.

मग प्रश्न उरतो तो कार्यकारणाचा. खाणे वाढले म्हणून दाह झाला, की दाह झाला म्हणून खाणे वाढले? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्टिन वाल्देआर्कोस आणि सुनील कोलीवाड यांनी २०१७ मध्ये याचे उत्तर दोन्ही बाजूंनी शोधले. चरबीयुक्त आहार चालू असतानाच मायक्रोग्लिया काढून टाकल्या, तेव्हा उंदरांचे खाणे आणि वजन दोन्ही कमी झाले. उलट, आहार साधाच ठेवून जनुकीय फेरफाराने फक्त मायक्रोग्लियांमधला दाह चेतवला, तेव्हा ते उंदीर जास्त खाऊ लागले आणि लठ्ठ झाले. साध्या खाद्यावर, तेच पिंजरे, तोच उजेड-अंधार, आणि तरीही. उंदराला निग्रह नसतो, सासूबाई नसतात आणि संकष्टीही नसते. त्याला असते ती भुकेचा हिशेब ठेवणारी एक जागा, आणि तीच जागा दुखावलेली असते. ज्या अवयवाने आवर घालायचा तोच आजारी असताना आवर घातला नाही म्हणून माणसाला बोल लावणे मला अमानुष वाटते. आहाराला काही अर्थ नाही असे मी मुळीच म्हणत नाही; दाहाची सुरुवात आहारातूनच होते. पण एकदा तो मुरला की पुढची लढाई बरोबरीची राहत नाही, आणि आत्यासारखी माणसे तीच लढाई पुन्हा पुन्हा हरत राहतात व स्वतःला कमी लेखत राहतात.

भुकेच्या जागेपासून स्मृतीच्या जागेपर्यंतचा प्रवास मात्र पोटातून होतो. चरबी म्हणजे निव्वळ साठवण, अशी समजूत १९९३ मध्ये मोडली, जेव्हा हार्वर्डमध्ये गोखान होतामिशलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य तयार होते असे दाखवले. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, त्या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या असतात हे स्पष्ट झाले. आतड्यांभोवतीची, पोटाच्या आतली चरबी या बाबतीत कातडीखालच्या चरबीपेक्षा अधिक उपद्रवी असते. अमेरिकेतल्या जॉर्जियामध्ये अॅलेक्सिस स्ट्रानाहन यांच्या गटाने २०२० मध्ये लठ्ठ उंदरांच्या पोटातली चरबी सडपातळ उंदरांच्या शरीरात बसवली, तेव्हा त्या सडपातळ उंदरांची स्मृती मंदावली. चरबीतून निघालेले इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य मेंदूतल्या मायक्रोग्लियांपर्यंत पोहोचत होते. प्रिन्स्टनमध्ये एलिस कोप आणि एलिझाबेथ गूल्ड यांनी २०१८ मध्ये असे दाखवले होते की लठ्ठ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीच्या जागेत, चवताळलेल्या मायक्रोग्लिया चेतापेशींच्या जोडण्याच गिळतात, आणि त्यांना रोखले की स्मृती टिकते.

स्मृती टिकली की नाही हे उंदराला विचारायची रीत फार साधी आहे. एका रिकाम्या पेटीत दोन सारख्या वस्तू ठेवतात, उंदराला त्या हुंगू देतात, मग त्याला बाहेर काढतात. काही वेळाने परत सोडतात तेव्हा त्यातली एक वस्तू बदललेली असते. ज्याला पहिली भेट आठवते तो ओळखीच्या वस्तूकडे पाठ फिरवतो आणि नव्या वस्तूभोवती घुटमळतो. ज्याला आठवत नाही तो दोन्ही वस्तूंना सारखाच वेळ देतो, दोन्ही सारख्याच उत्सुकतेने हुंगतो, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही नव्याच असतात. आत्या हल्ली त्याच दिवसाचे वर्तमानपत्र सकाळी आणि संध्याकाळी तितक्याच गोडीने वाचते. पूर्वी मी पेटीतल्या उंदरांकडे फक्त घड्याळ हातात धरून पाहत असे. आता तसे पाहणे जमत नाही.

माणसांच्या बाबतीत हे सिद्ध करायला प्रयोगशाळा पुरत नाही, आयुष्ये लागतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेत १९६४ ते १९७३ या काळात तपासणीला आलेल्या चाळिशीतल्या माणसांच्या पोटाची जाडी मोजून ठेवली होती. आडवे झोपवून, पाठीपासून पोटाच्या उंचीपर्यंत, कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या मापकाने. ज्यांनी मोजली त्यांच्या मनात स्मृतिभ्रंशाचा विचारही नसावा. रेचेल व्हिटमर यांनी तीच कागदपत्रे सुमारे छत्तीस वर्षांनी उघडली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडला. ६,५८३ माणसांपैकी ज्यांचे पोट चाळिशीत सर्वांत सुटलेले होते, त्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सर्वांत सपाट पोटाच्या माणसांच्या जवळजवळ तिप्पट होता. वजन प्रमाणात पण पोट सुटलेले, अशा माणसांतही तसाच कल दिसला. विसरणे सुरू होते सत्तरीत आणि त्याची तयारी चाळिशीत होत असते, हे इतक्या स्पष्टपणे मी त्याआधी कुठे वाचले नव्हते.

आणि तरीही या विषयात एक गाठ आहे, जिने मला अनेक रात्री जागवले आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे वीस लाख माणसांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास आला आणि त्यात नेमके उलटे दिसले: स्मृतिभ्रंश बारीक माणसांत जास्त, लठ्ठ माणसांत कमी. पुष्कळ वर्तमानपत्रांनी लठ्ठपणा मेंदूला तारतो असा अर्थ काढला. ती गाठ सुटली ती २०१७ मध्ये, लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासातून. अर्चना सिंग-मॅनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच माणसांची अठ्ठावीस वर्षांतली वजने ओळीने मांडली. पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना धोका अधिक होताच. पण ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांचे वजन निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासूनच इतरांच्या मानाने खाली येऊ लागले होते. म्हणजे म्हातारपणी वजन मोजायला घेतले तर बारीक माणूस आजारी दिसतो, कारण आजारानेच त्याला बारीक केलेले असते. आजारामुळे रुची मंदावते, वास हरवतो, जेवण झाले की नाही याचा विसर पडतो.

आत्याचे वजन कोणत्याही निग्रहाने उतरलेले नव्हते.

हे मी तिला सांगितलेले नाही, सांगणारही नाही. तिच्या आयुष्यात या एका बाबतीत तिला पहिल्यांदाच कोणी चांगले म्हटले होते आणि ते तिच्याकडून काढून घेण्यात कोणाचेच भले नाही. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तिच्या वजनाचा गेल्या काही वर्षांतला आलेख मी ठेवला आणि प्रयत्न न करता होणारी ही घट आजाराचा भाग म्हणून नोंदवायला लावली. घरी तिचे ताट आता कोणीतरी समोर बसून वाढते. सगळा दिवस चरबीचे दुष्परिणाम मोजून आलेली मी रात्री तिच्या भातावर स्वतः तूप वाढते, आणि यात मला कोणताही विरोधाभास वाटत नाही. चाळिशीतले पथ्य आणि पंचाहत्तरीतले पथ्य एक नसते. उतारवयात आपोआप घटणाऱ्या वजनाचे अभिनंदन करू नका, त्याची तपासणी करा, एवढे जरी घराघरांत पोहोचले तरी पुष्कळ.

संशोधकाने आपल्या विषयाचे महत्त्व फुगवून सांगू नये, म्हणून हेही नोंदवते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी आहे आणि ती सारी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात मध्यमवयातल्या लठ्ठपणाचा वाटा अवघा एक टक्का धरला आहे; कमी ऐकू येणे आणि वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल यांचा प्रत्येकी सात, तुटपुंज्या शिक्षणाचा पाच. पण मधुमेह, रक्तदाब, एलडीएल, व्यायामाचा अभाव या त्याच यादीतल्या वेगळ्या ओळी आहेत आणि लठ्ठपणा त्यातल्या बहुतेकींच्या घरात ये-जा करतो. औषधांच्या बाबतीतही उत्साह आवरावा लागला. भूक आणि वजन कमी करणारे सेमाग्लुटाइड हे औषध दाहही कमी करते, म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या सुमारे ३,८०० रुग्णांना दोन मोठ्या चाचण्यांत ते किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला: आजाराची गती कमी झाली नाही. त्या दिवशी माझ्या ओळखीचे अनेक जण खिन्न होते. मीही होते, पण मला आश्चर्य वाटले नाही. तीस वर्षे धुमसलेल्या दाहाला शेवटच्या दोन वर्षांत गाठून काय हाती लागणार? औषध चुकले की वेळ चुकली, हे ठरवायचे तर तेच औषध चाळिशीत घेणाऱ्या माणसांकडे पुढची तीस वर्षे पाहावे लागेल. उशिरा काहीच करता येत नाही असे मात्र नाही. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० माणसांसोबत केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि रक्तदाबावर लक्ष या चारही गोष्टी एकत्र केल्यावर दोन वर्षांत बौद्धिक क्षमतेत फरक पडलेला दिसला होता.

हे सारे अभ्यास ज्या माणसांचे आहेत, त्यांची शरीरे आपल्यासारखी नाहीत, आणि हे ज्यांनी जगाला दाखवून दिले ते पुण्याचे आहेत. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे माणूस बारीक दिसतो आणि चरबी आत, पोटात दडलेली असते. म्हणूनच कंबरेचा घेर पुरुषांत नव्वद आणि स्त्रियांत ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेला की आपण सावध व्हायचे असते, मग वजनकाटा काहीही सांगो. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात ही गोष्ट जन्मापर्यंत मागे गेली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, इथल्या बाळांचे स्नायू कमी, पोट आणि इतर अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास शाबूत.

ती बाळे आज तिशीत आहेत. त्यांतल्या कित्येकांचे वजन कोणत्याही तक्त्यात बसेल असेच असणार आणि तरीही कंबर वाढू लागली असेल. येत्या दहा-पंधरा वर्षांत ती सारी त्याच वयात पोहोचतील, ज्या वयात कॅलिफोर्नियातल्या कोणीतरी कॅलिपर हातात घेतला होता. त्यांच्या आईच्या गरोदरपणापासूनच्या नोंदी आपल्याकडे आहेत; जगात फार थोड्या ठिकाणी असा ऐवज आहे. त्यांच्या कंबरेसोबत, साखरेसोबत त्यांच्या हायपोथॅलॅमसचा एमआरआय आणि स्मृतीच्या चाचण्या चाळिशीत, पन्नाशीत, साठीत घेत राहायच्या, तर त्यासाठी तीन दशके पुरणारा पैसा आणि माझ्यानंतर ते काम उचलणारी माणसे आतापासून उभी करावी लागतील. अनुदानाचा अर्ज मात्र तीन वर्षांच्या मुदतीचाच मिळतो. मी तो भरते आहे आणि उद्दिष्टांच्या रकान्यात तीस वर्षांचे काम लिहिते आहे.